बेरीज नको, फोड सांगा: रोडिओच्या पंचांना खुले पत्र

प्रति,
प्रोफेशनल रोडिओ काउबॉईज असोसिएशन आणि प्रोफेशनल बुल रायडर्स या दोन्ही संस्थांच्या रिंगणात पंच म्हणून उभे राहणाऱ्या सर्वांस,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापैकी कोणी ते वाचण्याची शक्यता नाही, हे मला कळतं. इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहे. पण हिशेब मागायचा तर आपल्या भाषेत मागितलेला बरा, शब्द शोधावे लागत नाहीत. शिवाय माझ्या ओळखीतली मराठी घरं दर जानेवारीत डेन्व्हरच्या नॅशनल वेस्टर्न स्टॉक शोला, म्हणजे जनावरांच्या प्रदर्शनाला आणि तिथल्या रोडिओला (काउबॉईंच्या खेळांना), पाहुणे घेऊन जातात. बुल रायडिंग, म्हणजे उधळणाऱ्या वळूवर टिकून राहण्याचा खेळ, संपलं की पार्किंगपर्यंत त्यांच्यात एकच वाद चालतो: याला ८४ गुण का आणि त्याला ८७ का? हे पत्र त्यांच्यासाठीही आहे.

मी मूळची मंचरकडची. यात्रेत बैलगाडे पळायचे तेव्हा माझे वडील घाटावर स्टॉपवॉच घेऊन बसायचे. बारी सुटली की अकरा-बारा सेकंदांत खेळ खलास. वाद तिथेही व्हायचे, अगदी गचांडी धरेपर्यंत, पण वाद घड्याळाचा असायचा. घड्याळ दाखवलं की तोंडं बंद. तुमच्या खेळात घड्याळ फक्त पहिला दरवाजा उघडतं. वळूचा खांदा किंवा पुठ्ठा चूटच्या (त्याला कोंडून ठेवतात त्या अरुंद खणाच्या) फाटकाची रेषा ओलांडतो तिथून ८ सेकंद. रायडरने वळूच्या अंगाभोवती आवळलेला दोर एका हाताने धरायचा, मोकळा हात वळूला, स्वतःला किंवा कुठल्याही सामानाला लागता कामा नये. एवढं जमलं तर मग तुमचं काम सुरू, आणि ते काम घड्याळाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

(बैल म्हणत नाही, वळू म्हणते. हे जनावर खच्ची केलेलं नसतं. आणि कमरेला जो पट्टा आवळतात तो पोटाच्या मागच्या बाजूला असतो, नाजूक जागी नाही. दर वर्षी नवा पाहुणा हे कानात कुजबुजून विचारतो म्हणून एकदाच लिहून टाकते.)

तुमची पद्धत मी शिकले ती अशी. साध्या रोडिओत दोन पंच, चूटच्या दोन बाजूंना एकेक. प्रत्येकाकडे रायडरसाठी २५ आणि वळूसाठी २५. दोघांचे मिळून १००. बुल रायडर्स संस्थेच्या मोठ्या दौऱ्यात, म्हणजे शहरोशहरी होणाऱ्या सामन्यांच्या मालिकेत, पंच चार, त्यांच्या गुणांची बेरीज करून निम्मी करतात, म्हणजे पुन्हा १००. थोडक्यात, निम्मे गुण माणसाचे आणि निम्मे जनावराचे. जगात असे खेळ किती असतील कोण जाणे, जिथे आपण ज्याला हरवायला निघालो त्याच्या कर्तबगारीचे अर्धे गुण आपल्याच खात्यात जमा होतात. मला ही कल्पना फार आवडते. सासूने सुनेच्या पुरणपोळीला द्यायचे गुण आणि पुरणाला द्यायचे गुण वेगळे ठेवावेत, तसं.

वळूला गुण कशाचे? मागच्या लाथा किती उंच आणि किती ताणलेल्या, गिरकी किती वेगाची, मध्येच दिशा बदलतो का, हवेत असताना पोट एका अंगाला फिरवतो का, आणि या सगळ्यात जोर किती. रायडरला गुण ताब्याचे: खांदे चौकोनी, छाती दोरावर, प्रत्येक उडीबरोबर कंबर वेळेवर. टाचांच्या काट्यांनी मारत राहण्याची सक्ती इथे घोड्यावरच्या प्रकारांसारखी नाही, पण ज्याला ते जमतं त्याचं पारडं जड होतं. यात एक बारकावा असा, की गिरकी दोराच्या हाताच्या दिशेने असेल तर रायडरला त्यातल्या त्यात बरं. उलट्या दिशेने असेल तर शरीर बाहेर फेकलं जातं. गिरकीच्या आतल्या बाजूला रायडर लोक 'विहीर' म्हणतात. त्या बाजूला घसरला तर हात दोरात अडकून वळूच्या खांद्याशी लोंबकळण्याची भीती. शब्द ऐकला तेव्हा मला हसू आलं होतं, एकदा प्रत्यक्ष पाहिल्यावर आलं नाही.

आता मूळ तक्रार.

गेल्या जुलैत कोलोरॅडोतल्याच एका छोट्या काउंटीच्या जत्रेतला रोडिओ. लाकडी बाकं, समोर चूट जेमतेम चाळीस फुटांवर. लाल चॅप्स (पँटवरून पायांना बांधायचं चामडी आवरण) घातलेला एक पोरगा, वीसच्या आतबाहेरचा. त्याला चिठ्ठीत आलेला वळू पांढुरका, राखाडी, मोठं वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी. ते वशिंड पाहून मला नेहमी गलबलतं. अमेरिकेतल्या 'ब्राह्मण' नावाच्या गुरांच्या जातीचं रक्त गीर, कांक्रेज, ओंगोल आणि थोडंफार आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचं आहे, आणि रोडिओच्या पुष्कळ वळूंत ते उतरलेलं आहे. सांगली-मिरजेकडच्या गाईंचा लांबचा भाचा समोर उभा आहे असं वाटतं. असो.

फाटक उघडलं. तीन उड्या सरळ, मग वळू एकदम डावीकडे फिरला. पोराचा दोराचा हात उजवा, म्हणजे गिरकी हाताच्या उलट. दुसऱ्या फेऱ्याला त्याचा डावा पाय सुटला. मी बसले होते तिथून काटा हवेत चमकलेला दिसला. त्याने पाय परत रोवला, खांदे सरळ केले, हनुवटी खाली घातली. बझर वाजला. आरोळी उठली. उद्घोषक म्हणाला, "शहात्तर!"

पुढचा रायडर टापटिपीचा. त्याचा वळू उड्या मारत जवळजवळ नाकासमोर गेला, शेवटी अर्धी गिरकी. "एकोणऐंशी!" आणि मी, वय विसरून, ओरडले. शेजारचे लोकही ओरडले. आमचं सगळ्यांचं म्हणणं एकच होतं: पांढऱ्यावर टिकणं अवघड होतं, त्याला जास्त हवे होते.

तिसरा पोरगा बझरच्या अगदी तोंडावर पडला. वळू मान वर करून, घंटा वाजवत, आपल्या वाटेने बाहेर गेला. उद्घोषक: "नो स्कोअर." संपलं. त्या वळूने जे केलं ते त्या संध्याकाळचं सर्वात चांगलं काम होतं असं माझं मत. त्याला किती गुण मिळाले हे बाकांवरच्या कोणालाच कळलं नाही.

माझा धंदा हिशेब तपासण्याचा. कोणी नुसती बेरीज पुढे केली तर मी सही करत नाही, पावत्या मागते. ती खोड आड आली. कार्यक्रम संपल्यावर तुमच्यातलेच एक वयस्कर पंच पिकअप ट्रकच्या टेलगेटवर (मागच्या उघडलेल्या फळीवर) बसून बर्गर खात होते, त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी रागावून हाकललं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. त्यांनी हात पुसले, खिशातली वही काढली, ओल्या बोटाने पान उलटलं आणि दाखवलं. पांढऱ्या वळूपुढे २१, पोरापुढे १७. मग म्हणाले, "चला, दुसऱ्याचंही बघा," आणि मला सेक्रेटरीच्या खोलीत घेऊन गेले. तिथे दोघांची पानं एका क्लिपला लावलेली. दुसऱ्या पंचाच्या पानावर: वळू १९, पोरगा १९.

पंच महोदय, ३८ आणि ३८. दोघांची बेरीज तंतोतंत एक. शहात्तर ऐकणाऱ्याला वाटेल, दोन माणसांचं काय एकमत! प्रत्यक्षात एकाने पाहिला होता जबरदस्त वळू आणि डगमगलेला पोरगा. दुसऱ्याने पाहिला होता साधारण वळू आणि नेटका पोरगा. दोघांनी दोन वेगळ्या सवाऱ्या पाहिल्या.

मी त्या पंचांना विचारलं, हे कसं? ते म्हणाले, "मी डावीकडे होतो. तो उजवीकडे." एवढंच. सुटलेला पाय डावा होता, तो त्यांना दिसला. वळूने पोट फिरवलं तेही त्यांच्याच अंगाला. पलीकडच्या पंचासमोर सातशे-आठशे किलोची मांसाची भिंत होती आणि तिच्यावर बसलेला, उजव्या बाजूने अगदी व्यवस्थित दिसणारा एक मुलगा. कोणीच खोटं बोललं नव्हतं, कोणीच चुकलं नव्हतं. दोन बाजूंना दोन पंच ठेवण्यामागचं कारणच हे आहे. पण ती सगळी हकीकत बेरजेत विरघळून गेली.

त्या एकोणऐंशीची फोडही पाहिली. वळूचे दोघांचे मिळून ३९, रायडरचे ४०. पांढऱ्याला वळूपोटी मिळालेल्या ४० पेक्षा हा वळू एका गुणाने कमी, आणि रायडर चार गुणांनी सरस. वळूंत एकाच गुणाचा फरक हे मला अजून पटलेलं नाही, पण निदान वाद कशावर घालायचा ते कळलं. मघाचं निम्मं ओरडणं मी तिथे मनातल्या मनात मागे घेतलं.

म्हणून मागणी एवढीच: बेरजेबरोबर फोड सांगा. रायडरचे इतके, वळूचे इतके, आणि कुठल्या पंचाने किती. आकडे तुमच्या वहीत आहेतच. सेक्रेटरीच्या खोलीत जातातच. तिथून उद्घोषकाच्या माईकपर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं आहे.

तुमच्या इतिहासात एक आकडा असा आहे ज्याची फोड कोणाला विचारावी लागत नाही. १९९१ साली ओरेगनमधल्या सेंट्रल पॉइंटला वेड लेस्लीने वुल्फमन स्कोल नावाच्या वळूवर स्वारी केली आणि त्याला १०० पैकी १०० मिळाले. म्हणजे दोन्ही पंचांनी चारही रकान्यांत २५ लिहिले, दुसरा मार्गच नाही. आजतागायत लोक त्या स्वारीवर भांडतात, वळू तेवढ्या तोलाचा होता का म्हणून. आणि भांडू शकतात ते त्यामुळेच. पंचांनी कशाला काय दिलं ते लख्ख समोर आहे. २०२१ मध्ये जोसे व्हिटोर लेमेने वूपा या वळूवर ९८.७५ केले, बुल रायडर्स संस्थेच्या इतिहासातला सर्वात मोठा आकडा. थक्क करणारी स्वारी. पण तो राहिलेला सव्वा गुण कुठे गेला? लेमेच्या रकान्यातून की वूपाच्या? चौघांनी थोडाथोडा कापला की एकाच कंजुषाने? नुसता ९८.७५ ऐकून हे कोणाला सांगता येणार नाही.

आणि सर्वात जास्त लपवतो तो शून्य. रायडर पडला की त्याला काही नाही, हे बरोबरच. पण वळूचे गुण तुम्ही तेव्हाही लिहिता. मोठ्या दौऱ्यात तर वर्षाचा सर्वोत्तम वळू त्याच गुणांवर ठरतो. बुशव्हॅकर नावाचा वळू तीनदा ठरला, २०११, २०१३ आणि २०१४ साली, आणि त्याची बहुतेक कमाई माणसं पाडण्यातली. त्या दौऱ्यात लागोपाठ ४२ जणांना त्याने खाली आणलं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये टल्साला जे. बी. मॉनी त्याच्यावर ८ सेकंद टिकला, ९५.२५ मिळाले, आणि ती माळ तुटली. टीव्हीवरच्या दौऱ्यात वळूचा आकडा पडद्यावर येतो, हे मान्य. छोट्या गावातल्या रोडिओत मात्र तो वहीतच मिटतो. वळू पुरवणारा माणूस रात्रभर ट्रेलर हाकत आलेला असतो. त्याच्या जनावराने काय कमावलं ते चारचौघांत ऐकायचा त्याला हक्क नाही का?

वळूंच्या नावलौकिकाचं आणखी एक आहे. फाटक उघडण्याआधीच ज्याचं नाव माईकवर तीनदा गाजलं, त्याला पेन्सिल जरा सैल सुटत असेल का? तुम्ही म्हणाल, मुळीच नाही. मी म्हणते, तसंच असेल. पण वळूचा रकाना उघडा असला तर मला तुमच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही, वर्षभराचे आकडे मांडून मीच बघेन.

हा संशय मी आज शोधून काढलेला नाही. तो तुमच्यातल्या जुन्या संघटनेइतकाच जुना आहे. १९३६ साली बॉस्टन गार्डनच्या रोडिओत काउबॉईंनी संप केला आणि कासवांच्या नावाची संघटना काढली, काउबॉईज टर्टल असोसिएशन. जमायला उशीर झाला, पण अखेर मान बाहेर काढली, म्हणून कासव. बक्षिसाची रक्कम तुटपुंजी आणि भरलेली प्रवेश फी बक्षिसात धरत नाहीत, ही त्यांची तेव्हाची तक्रार. आणि खेळ न समजणारे पंच हेही त्या काळच्या काउबॉईंचं जुनं दुखणं. आजची प्रोफेशनल रोडिओ काउबॉईज असोसिएशन ही त्याच कासवांची नात. आजीच्या घरातला प्रश्न नातीला विचारला तर आगाऊपणा होऊ नये.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. वर्णभेदाच्या काळात काळ्या रायडरांना कित्येक ठिकाणी प्रेक्षक उठून गेल्यावर स्वारी करायला लावत. १९६० च्या दशकात मर्टिस डाइटमन राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, दोन वर्षं जगात तिसरा आला, विजेता कधीच झाला नाही. पहिला काळा विश्वविजेता बुल रायडर चार्ली सॅम्पसन, आणि त्यासाठी १९८२ उजाडावं लागलं. चांगली स्वारी करूनही गुण हात आखडून मिळतात, हे त्या पिढीचं दुखणं होतं. विचार करा, त्या वेळी प्रत्येक पंचाचा प्रत्येक रकाना जाहीर झाला असता तर? वळूच्या रकान्यात दोघांचं जुळतंय आणि माणसाच्या रकान्यात एकाचीच पेन्सिल दर वेळी अडखळतेय, हे शाळकरी पोरालाही दिसलं असतं. बेरजेत ते दिसत नाही. एकत्र आकड्यात भेदभावाला बसायला ऐसपैस जागा असते.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, टेलगेटवर त्यातले दोन ऐकले. पहिला, लोक हुर्यो करतील. करतातच की! मीही केली. फोड कळल्यावर निम्मी मागे घेतली, हे वर लिहिलं आहे. दुसरा, पंचावर दडपण येईल. आईस स्केटिंगवाल्यांनी हा प्रयोग उलट्या बाजूने करून पाहिला. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमधल्या पंचांच्या घोटाळ्यानंतर दडपण नको म्हणून कुठल्या पंचाने किती दिले हेच झाकलं. लोकांचा विश्वास वाढला नाही, आणि २०१६ मध्ये त्यांनी ते झाकण काढायचं ठरवलं.

जाता जाता रिराईडबद्दल. वळूने दगा दिला, पडला, फाटकात रायडरला चेपलं, तर तुम्ही दुसरा वळू देऊ करता. उद्घोषक म्हणतो, "अडुसष्ट, आणि रिराईडचा पर्याय." पोराने घेतला तर हातातले गुण गेले, नव्या वळूने पाडलं तर घरी रिकाम्या हाताने. हा क्षण मला सगळ्या रोडिओत सर्वात थरारक वाटतो. फी भरून आलेला मुलगा, पगार नाही, पेट्रोलचे पैसे खिशातले, आणि निर्णय काही क्षणांत. पण रिराईड का दिला हे आम्हाला क्वचितच कळतं. "वळू गुडघ्यावर आला म्हणून" एवढं एक वाक्य पुरे. मागे एकदा माझ्या आत्याला वाटलं होतं की पोराला शिक्षा म्हणून परत बसवताहेत.

व्हिडिओ आला, चांगलं झालं. मोठ्या दौऱ्यात रायडर दाद मागू शकतो, हात लागला की नाही, वेळ भरली की नाही ते पडद्यावर तपासतात. पण रायडरला २१ द्यायचे की २२, हे कुठल्याच कॅमेऱ्यात उमटत नाही. ते तुमच्या डोळ्यांत असतं, आणि ते डोळे वर्षानुवर्षं रिंगणाची धूळ खाऊन तयार झालेले असतात. तुमच्यातले बरेच जण स्वतः वळूंवर बसलेले आहेत. बर्गर खाणाऱ्या त्या पंचांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती. तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. तिने काय पाहिलं तेच तर विचारते आहे.

येत्या जानेवारीत डेन्व्हरची तिकिटं काढली आहेत, या वेळी बाबा येणार आहेत. ते स्टॉपवॉच आणणार हे नक्की. आठ सेकंदांचा हिशेब ते ठेवतील. मी वहीत चार रकाने आखून ठेवले आहेत, दोन तुमच्या डावीकडच्या पंचासाठी, दोन उजवीकडच्या.

आपली,
एक प्रेक्षक, कोलोरॅडो

ता. क. त्या पांढुरक्या वळूचं नाव कार्यक्रमपत्रिकेत छापलेलं नव्हतं, नुसता नंबर होता. त्या संध्याकाळी त्याला ५० पैकी ४० मिळाले. त्याच्या मालकाला कोणी सांगितलं नसेल तर एवढं कळवावं.